यंत्र एक, हात चार

शेतीतील कष्ट हलके व्हावेत म्हणून शेतकऱ्याने यंत्राचा स्वीकार केला आणि तो हेतू पुष्कळ अंशी साध्यही झाला आहे. कोकणातील आंबा-काजूच्या बागांत पाऊस सरत आला की गवत आणि झुडपे कमरेइतकी माजतात. ती बेणण्यासाठी पूर्वी कोयते घेऊन माणसांची रांगच बागेत उतरत असे. आता खांद्याला पट्टा अडकवून एकच गडी ग्रास कटर घेऊन उतरतो आणि अनेकांचे काम उरकतो. घाटावर बांधावरचे गवत, फळबागेतील तण आणि चाऱ्याचे पीक कापण्यासाठी हेच यंत्र ब्रश कटर या नावाने गावोगाव दिसू लागले आहे. वाळलेली झाडे तोडण्यासाठी चेन सॉ, म्हणजे साखळीची करवत, आणि रोपांचे खड्डे घेण्यासाठी इंजिनावर फिरणारे गिरमिट, हीही त्याच कुटुंबातील यंत्रे होत. २०१४-१५ साली सुरू झालेल्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानाने आणि गावोगावच्या अवजारे बँकांनी अशा यंत्रांचा प्रसार पुष्कळच वाढविला.

यंत्र घेताना शेतकरी सहसा तीन प्रश्न विचारतो. किंमत किती, पेट्रोल किती खाते, आणि बिघडले तर दुरुस्ती कोठे होते? तिन्ही प्रश्न रास्तच आहेत. परंतु चौथा एक प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. हे यंत्र धरणाऱ्या हातांना किती हादरे बसतात, आणि ते हात दिवसातून किती वेळ ते हादरे सोसणार आहेत? हा प्रश्न यंत्र विकत घेणाऱ्याला सुचत नाही, याचे एक कारण असे की पुष्कळदा हात त्याचे नसतात. पैसा मालकाचा, यंत्र मालकाचे, आणि मूठ मात्र गड्याची.

नांगराला एकच बैल जुंपलेला कोणाही शेतकऱ्याला पाहवत नाही. मग दिवसभर थरथरणारे यंत्र एकाच माणसाच्या हाती देणे कसे पाहवते? दिवसभराचे काम असेल तेथे असे यंत्र दोघांवर सोपवावे, त्यांनी ते पाळीपाळीने चालवावे, आणि दोघांना सारखी मजुरी मिळावी, अशी रीत आता गावोगाव पडावयास हवी. या मागणीमागे दयाबुद्धीखेरीज साधा हिशेबही आहे. तो पुढे दिला आहे.

हादरा हाताचे काय करतो?

ग्रास कटरचे छोटे इंजिन कामाच्या भरात मिनिटाला सहा-सात हजार फेरे घेते. म्हणजे सेकंदाला शंभर किंवा त्याहून अधिक फेरे झाले. प्रत्येक फेऱ्यागणिक एक सूक्ष्म हिसका दांड्यातून मुठीत आणि मुठीतून मनगटात उतरतो. पाच तास मूठ आवळून धरणाऱ्या हाताला अशा रीतीने दिवसाकाठी अठरा लाखांहून अधिक हिसके बसतात. एका हिसक्याने काहीच होत नाही. कोयत्याची जखम जशी तत्क्षणी दिसते, तशी ही इजा दिसत नाही. म्हणूनच ती अधिक फसवी आहे.

बोटांतील बारीक रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू यांवर या हादऱ्यांचा आघात होतो. काही महिन्यांनी वा काही वर्षांनी त्याचा परिणाम दिसू लागतो. प्रथम काम संपल्यावर बोटांना मुंग्या येतात. मग त्या लवकर जात नाहीत. पुढे बोटांची टोके बधिर होतात, रात्री हात सुन्न होऊन झोप मोडते, मुठीतील पकड ढिली पडते. थंडीत किंवा गार पाण्यात हात घातल्यावर एखादे बोट पांढरेफटक पडते, आणि रक्त परत आले की ते लाल होऊन ठणकते. हादरे वेळीच थांबविले तर प्रारंभीच्या अवस्थेत सुधारणा होऊ शकते. परंतु रोग बराच पुढे गेल्यावर मात्र गेलेली संवेदना पुरती परत येत नाही.

उष्ण प्रदेशात बोटे पांढरी पडण्याचे लक्षण कमी प्रमाणात दिसते. त्यामुळे आपल्याकडे हा रोग नाही अशी समजूत होण्याचा संभव आहे. परंतु मुंग्या, बधिरता आणि पकड जाणे यांना हवामानाची सूट नाही. शिवाय शेतकामाला बोटांच्या जाणिवेवाचून चालत नाही. कोय कलम बांधणारी बोटे, गाईची धार काढणारी बोटे, चिमटीने बी टोकणारी बोटे आणि ग्रास कटरची मूठ आवळणारी बोटे बहुधा एकाच माणसाची असतात. कार्तिकात ज्या हाताने बाग बेणली, त्याच हाताला पुढच्या पावसाळ्यात कलमाची पट्टी नीट गुंडाळता आली नाही, तर तोटा त्या माणसाचाही आहे आणि बागायतदाराचाही.

इतर देशांचा अनुभव

हा रोग नवा नाही. अमेरिकेतील इंडियाना राज्यात बेडफर्ड येथे चुनखडीचा दगड घडविणारे कारागीर हवेच्या दाबावर चालणारे हातोडे वापरीत. त्यांची बोटे थंडीत पांढरी पडतात, अशा तक्रारी आल्यावर १९१८ साली डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी तेथे जाऊन त्यांची पाहणी केली. छिन्नी धरणाऱ्या डाव्या हाताला हा त्रास अधिक होता, आणि हातोड्याचे हादरे, मुठीचा आवळ आणि थंडी यांचा त्याच्याशी संबंध होता, असे तेव्हाच दिसून आले.

पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर जंगलतोडीत साखळीच्या करवती आल्या आणि थंड देशांतील वनकामगारांत हाच रोग मोठ्या प्रमाणावर पसरला. फिनलंडमधील सुओमुस्सल्मी या भागातील वनकामगारांची वर्षानुवर्षे तपासणी होत होती. १९७२ साली त्यांच्यापैकी ४० टक्के कामगारांत पांढऱ्या बोटांचा रोग आढळला होता. १९९० साली हे प्रमाण ५ टक्क्यांवर आले. मधल्या काळात करवतीची मूठ आणि इंजिन यांमध्ये रबराच्या वा स्प्रिंगच्या गाद्या बसवून हादरे अडविण्यात आले होते. करवतीच्या कंपनाचे माप १४ वरून २ पर्यंत खाली आले होते.

जपानने यंत्राच्या सुधारणेबरोबर वेळेवरही बंधन घातले. साखळीची करवत एका माणसाने दिवसातून दोन तासांहून अधिक हाती धरू नये, असा दंडक तेथे १९७० च्या दशकात लागू झाला. या दोन देशांच्या अनुभवातून दोन मार्ग स्पष्ट दिसतात. हादरा कमी करावयाचा आणि हादऱ्याचा काळ कमी करावयाचा. आपल्या गावात नव्या बनावटीचे महागडे यंत्र प्रत्येकाला घेता येईलच असे नाही. परंतु असलेले यंत्र नीट राखणे आणि त्याचा काळ दोघांत वाटून घेणे, हे आज आणि येथे करता येण्यासारखे आहे.

अंकांचा हिशेब

कंपनाची तीव्रता त्वरणाच्या मापाने, म्हणजे मीटर प्रति वर्ग सेकंद या एककात मोजतात. वर दिलेले १४ आणि २ हे आकडे याच मापाचे आहेत. पुष्कळ यंत्रांच्या माहितीपुस्तिकेत हे माप छापलेले असते. सोयीसाठी पुढे नुसता आकडाच दिला आहे. युरोपीय संघाने २००२ साली यासाठी दोन मर्यादा ठरविल्या. आठ तासांच्या दिवसाच्या हिशेबाने २.५ हा आकडा गाठला की उपाययोजना सुरू झाली पाहिजे, आणि ५ हा आकडा ओलांडताच कामा नये.

ब्रिटनच्या कामगार-सुरक्षा खात्याने हा हिशेब सोपा करण्यासाठी अंकांची एक पद्धत घालून दिली आहे. ती चौथी शिकलेल्या माणसालाही जमेल. यंत्राच्या आकड्याला त्याच आकड्याने गुणावे आणि येणाऱ्या संख्येची दुप्पट करावी. ते एका तासाचे अंक झाले. त्यांना हाती धरलेल्या तासांनी गुणले की दिवसाचे अंक मिळतात. दिवसाचे १०० अंक झाले की सावध व्हावे आणि ४०० अंक कधीही ओलांडू नयेत. आकडा ५ असेल तर तासाला ५० अंक होतात, म्हणजे दोन तासांत सावधतेची रेषा येते. आकडा १० असेल तर तासाला २०० अंक होतात, म्हणजे ती रेषा अर्ध्याच तासात येते. हादरा दुप्पट झाला की अंक चौपट होतात, ही यातील मुख्य गोष्ट होय.

आता बागेतील एक दिवस उदाहरणादाखल घ्यावा. समजा, पुस्तिकेत ४ आकडा छापलेला ग्रास कटर आहे. पाते बोथट झाले, त्याचा एखादा दात उडाला, मुठीखालचे रबर झिजले, आणि त्यामुळे प्रत्यक्षात हादरा ६ वर गेला. असे यंत्र एकाच गड्याने दिवसातून सहा तास धरले, तर तासाचे ७२ याप्रमाणे ४३२ अंक झाले. शेवटची मर्यादाही ओलांडली गेली. तेच यंत्र दोघांनी तीन-तीन तास धरले, तर प्रत्येकाला २१६ अंक येतात. यंत्र नीट राखून आकडा ४ वर आणला, परंतु गडी एकच ठेवला, तर १९२ अंक होतात. दोन्हीही १०० च्या वरच. मात्र यंत्र नीट राखले आणि गडीही दोन ठेवले, तर तासाचे ३२ याप्रमाणे तीन तासांत प्रत्येकाच्या वाट्याला ९६ अंक येतात, आणि दोघेही सावधतेच्या रेषेच्या आत राहतात.

काम तेवढेच झाले, बागही तेवढीच बेणली गेली, परंतु ४३२ चे ९६ झाले. एकटी निगा पुरत नाही आणि एकटी पाळीही पुरत नाही. दोन्ही मिळून पुरतात. प्रत्येक यंत्राचा आकडा वेगळा असल्यामुळे हा हिशेब ज्याने त्याने आपापल्या यंत्राचा करावा. पुस्तिकेतील आकडा नव्या यंत्राच्या चाचणीत मिळालेला असतो. शेतात तो वाढतो, कमी होत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

घेतल्या जाणाऱ्या हरकती

पहिली हरकत खर्चाची असते. यंत्र घेतले ते मजुरी वाचविण्यासाठी, मग त्यावर दोन माणसे कशाला, असे विचारले जाते. परंतु बाग बेणण्याचे काम नुसते गवत कापून पुरे होत नाही. कापलेले गवत ओढून झाडांच्या आळ्यांत आच्छादन म्हणून पसरावे लागते. खोडालगतचे गवत कोयत्याने हातानेच काढावे लागते, कारण तेथे पाते नेले तर खोडाची साल निघते आणि झाड दुखावते. वाटेतील दगड, तारांचे तुकडे, बाटल्या आधी वेचून काढाव्या लागतात. इंधन आणि पाणी आणावे लागते. ही कामे आजही कोणाला तरी करावीच लागतात. बहुधा तीच व्यक्ती दुसऱ्या दिवशी येऊन ती करते, किंवा ती अपुरी राहतात. दुसरा गडी रिकामा बसणार नाही. दोघांनी अदलाबदल करावयाची, एवढाच काय तो फरक आहे.

ही पाळी मोजण्यासाठी घड्याळही लागत नाही. छोट्या ग्रास कटरची टाकी साधारणतः तासाभराच्या आसपास रिकामी होते. एक टाकी एकाने चालवावी आणि पुढची टाकी दुसऱ्याने. इंजिन थंड होईपर्यंत इंधन भरू नये हा नियम तसाही आहेच. त्याच विसाव्यात पट्टा एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर जावा. टाकी चालू असतानाही अधूनमधून यंत्र खाली ठेवून बोटे मोकळी करावीत.

दुसरी हरकत सवयीची असते. ‘पहिले चार दिवस हात भरून येतात, मग काही वाटत नाही,’ असे पुष्कळ गडी अभिमानाने सांगतात. मूठ, खांदा आणि पाठ यांना कामाची सवय होते हे खरे आहे. परंतु बोटांना काहीच वाटेनासे झाले, तर ती सवय आहे की बधिरता, हे तपासावयास नको काय? न वाटणे हेच या रोगाचे एक लक्षण आहे.

तिसरी हरकत मजुराकडूनच येते, आणि ती सर्वांत अवघड आहे. यंत्र चालविणाऱ्याला साध्या गड्यापेक्षा मजुरी अधिक मिळते. पाळी बदलली तर त्याची जादा मजुरी जाईल, अशी त्याला भीती असते. काम उक्ते घेतलेले असेल, तर लवकर उरकून दुसरी बाग धरण्याची त्याची घाई असते. काही तरुणांनी तर कर्ज काढून स्वतःचेच यंत्र घेतले आहे आणि हंगामभर ते एका बागेतून दुसऱ्या बागेत जात असतात. प्रत्येक बागायतदाराला त्यांचे दोनच दिवस दिसतात, परंतु त्यांच्या हातांना मात्र सगळे दिवस मोजावे लागतात. अशा माणसाला नुसता उपदेश करून भागणार नाही. जी मजुरी त्याला अधिक मिनिटे यंत्र धरण्यास भाग पाडते, ती मजुरीची रीतच बदलली पाहिजे. दोघांनाही यंत्र शिकवावे आणि दोघांनाही यंत्र चालविणाऱ्याची मजुरी द्यावी. उक्ते काम द्यावयाचे तर ते जोडीला द्यावे आणि जोडीच्या हिशेबानेच दर ठरवावा. दर ठरविण्याचा अधिकार बागायतदाराच्या हाती असतो, म्हणून प्रथम पाऊलही त्यानेच टाकावे हे योग्य होय.

चौथी हरकत हातमोज्यांची. जाड हातमोजे घातले की झाले, असे काहींना वाटते. हातमोज्यांनी हात कापण्यापासून, खरचटण्यापासून आणि गारठ्यापासून वाचतो. म्हणून ते अवश्य वापरावेत. परंतु त्यांनी हादऱ्यापासून भरवशाचे संरक्षण मिळत नाही. फार जाड हातमोजा असला तर मूठ उलट अधिक आवळावी लागते, आणि मूठ जितकी घट्ट तितका हादरा हातात अधिक उतरतो.

यंत्राची निगा आणि कामाची शिस्त

हादरा वाढविणारी कारणे बहुतेक साधी असतात. बोथट, वाकलेले किंवा एका बाजूला अधिक झिजलेले पाते फिरताना डगमगते. पात्याला घासताना दोन्ही बाजू सारख्या घासाव्यात आणि तडा गेलेले पाते तत्काळ टाकून द्यावे. ते डाग देऊन पुन्हा वापरू नये, कारण फिरताना तुटले तर तुकडा गोळीसारखा सुटतो. रबराच्या गाद्या आणि मुठीवरील रबर ही झिजणारी वस्तू आहे. ती वेळच्या वेळी बदलावी. सैल झालेले नट-बोल्ट रोज सकाळी आवळावेत. पट्टा अशा बेताने बांधावा की यंत्राचा भार खांद्यावर यावा आणि हातांनी फक्त दिशा द्यावी. गरज नसताना पूर्ण रेस देऊन ठेवू नये.

हादऱ्याव्यतिरिक्तही या यंत्रांत धोके आहेत, आणि त्यांची शिस्त हीच खरी कामाची सुरुवात आहे. पाते दगडाला लागले की खडा दूरवर उडतो. म्हणून कापणी चालू असताना १५ मीटर, म्हणजे सुमारे पन्नास फूट अंतराच्या आत माणूस किंवा जनावर असू नये. पाळीतील दुसऱ्या गड्यानेही तेवढे अंतर राखून आधी कापून झालेल्या तुकड्यातच काम करावे आणि जवळ यावयाचे तर प्रथम खूण करून इंजिन बंद करवावे. चालविणाऱ्याच्या डोळ्यांवर चष्मा किंवा तोंडावर जाळी, कानांत बोळे किंवा कानांवर झाकणे, पायांत बूट आणि अंगात घट्ट कपडे असावेत. लुंगी, उपरणे किंवा लोंबता टॉवेल नसावा. पात्यामागचे झाकण काढून टाकण्याची खोड फार वाईट आहे. गवत गुंडाळले गेले तर इंजिन पूर्ण बंद केल्यावाचून पात्याला हात लावू नये. साखळीची करवत एका हाताने धरू नये, खांद्याच्या वर उचलून चालवू नये, आणि तिच्या पट्टीचे टोक लाकडाला लागू देऊ नये, कारण त्यायोगे करवत उसळून चालविणाऱ्याच्या अंगावर येते.

हात उबदार आणि कोरडे ठेवावेत. हिवाळ्याच्या सकाळी काम सुरू करण्यापूर्वी ते चोळून ऊब आणावी. विसाव्याच्या वेळी तंबाखूची चिमूट किंवा विडी काढण्याची सवय सार्वत्रिक आहे. तंबाखूतील निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. ज्या वेळी बोटांत रक्त खेळावयास हवे, नेमक्या त्याच वेळी ते अडविले जाते. हे गड्यांना समजावून सांगावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांचे कर्तव्य

यंत्राचे प्रात्यक्षिक गावोगाव होते. त्यात यंत्र कसे सुरू करावे आणि किती काम करते हे दाखविले जाते. ते किती वेळ धरावे, हेही तेथेच दाखविले पाहिजे. कार्यकर्त्याने प्रात्यक्षिकाला नेहमी दोघांना उभे करावे आणि पट्ट्याची अदलाबदल लोकांसमोर करून दाखवावी. अवजारे बँकेच्या चालकांना सांगून भाड्याच्या नोंदवहीत यंत्र नेणाऱ्या एकाऐवजी चालविणाऱ्या दोघांची नावे लिहिण्याचा पाठ घालावा. परत आलेल्या यंत्राचे पाते आणि रबरे पाहिल्यावाचून ते पुढच्याला देऊ नये. स्वतःचे यंत्र घेऊन फिरणाऱ्या तरुणांना एक छोटी वही ठेवण्यास सांगावे. रोज किती टाक्या चालविल्या, एवढेच तीत लिहावयाचे आहे. हंगामाच्या शेवटी ती वही त्यांना जे सांगेल, ते दुसऱ्या कोणाच्या सांगण्याने पटणार नाही.

यंत्र चालविणारा भेटला म्हणजे त्याला चार प्रश्न विचारावेत. काम थांबविल्यावर बोटांच्या मुंग्या बराच वेळ राहतात काय? रात्री हात सुन्न होऊन जाग येते काय? गार पाण्यात एखादे बोट पांढरे पडते काय? सदऱ्याची गुंडी लावताना किंवा बारीक बी उचलताना बोटे चुकतात काय? यांपैकी एकाचेही उत्तर होकारार्थी आले, तर त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. मधुमेहाने किंवा मानेच्या दुखण्यानेही हाताला मुंग्या येतात. म्हणून निदान डॉक्टरांनाच करू द्यावे. मात्र आपण कोणते यंत्र, किती वर्षे आणि दिवसाला किती तास चालवितो हे डॉक्टरांना आपणहून सांगावयाचे, हे त्याला पढवून ठेवावे. नाहीतर अशक्तपणा समजून शक्तीच्या गोळ्या मिळतात, गडी त्या खातो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच यंत्र धरतो.

शेतकरी आपल्या बैलाच्या खांद्याला जू लागले आहे काय, हे संध्याकाळी हात फिरवून पाहतो. खांदा सुजला असेल तर दुसऱ्या दिवशी तो बैल जुंपीत नाही. ही जुनी समज आता यंत्रामागच्या माणसाच्या बाबतीतही दाखवावयास हवी. बैलाचा खांदा सुजतो म्हणून दिसतो. माणसाची बोटे सुजत नाहीत, म्हणून विचारावे लागते, एवढाच फरक. येत्या हंगामात बाग बेणावयास काढताना प्रत्येक बागायतदाराने यंत्रासोबत दोन गडी सांगावेत, टाकी संपताच पाळी बदलावी, आणि संध्याकाळी मजुरी हातावर ठेवताना तो हात एकदा नीट पाहावा.